'गो', 'वेंट', 'गॉन' आणि आपले 'जाऊन येणे'

इंग्रजीच्या वापराविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांना या सदरात उत्तरे दिली जातात. अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे 'गो' या एकाच क्रियापदाभोवती फिरणारी असल्यामुळे या अंकातील सर्व जागा त्यालाच दिली आहे. इंग्रजी वाक्ये वाचताना उच्चाराची अडचण येऊ नये म्हणून ती देवनागरीतच छापली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सेमी-इंग्रजी वर्गात सहावीत शिकते. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, 'सेंड'चे 'सेंट' होते, हे तिला पटते. पण 'गो'चे 'वेंट' कसे होते, दोन्ही शब्दांत एकही अक्षर सारखे का नाही, असे ती विचारते. शाळेत तिला 'तसेच असते, पाठ कर' असे उत्तर मिळाले. मीही तेच सांगावे का? — एक पालक, बार्शी

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे आणि 'पाठ कर' याहून बरे उत्तर तिला देता येते. 'वेंट' हे मुळात 'गो'चे रूपच नव्हे. ते 'वेंड' नावाच्या निराळ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. 'सेंड'चे 'सेंट', 'बेंड'चे 'बेंट', 'स्पेंड'चे 'स्पेंट', तसे 'वेंड'चे 'वेंट'. म्हणजे ज्या नियमाने तिला 'सेंट' पटले त्याच नियमाने 'वेंट'ही तयार झाले आहे, फक्त ते दुसऱ्याच्या घरात नांदते आहे. 'वेंड'चा मूळ अर्थ वळणे किंवा वळवणे असा होता. पुढे त्याला वाट धरणे, मार्गस्थ होणे असा अर्थ आला आणि तो 'गो'च्या अर्थाला येऊन भिडला. जुन्या इंग्रजीत 'गो'च्या पूर्वजाचे रूप 'गान' असे होते आणि त्याचा भूतकाळ 'एओदे' असा होत असे. तेव्हासुद्धा वर्तमान आणि भूतकाळ एका मुळातले नव्हतेच. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण भागात त्या 'एओदे'चे वंशज मागे पडले आणि त्यांच्या जागी 'वेंट' येऊन बसले. उत्तरेला स्कॉटलंडच्या बोलीत मात्र 'गेड' असे प्रत्यय लावून केलेले सरळ रूप राहिले. 'वेंड'ला आपले भूतकाळी रूप असे गमवावे लागल्यावर 'वेंडेड'वर भागवावे लागले, आणि आज ते क्रियापद कोणी रमतगमत वाट काटत गेल्याचे वर्णन करण्यापुरते, तेही पुस्तकी भाषेत, उरले आहे.

इतके ऐकल्यावर मुलगी कदाचित म्हणेल की इंग्रजांची भाषा मोठी विचित्र आहे. तेव्हा तिला विचारावे की 'तो जातो' याचा भूतकाळ काय? ती विचारही न करता 'तो गेला' म्हणेल. मग 'जा' आणि 'गे' यांत कोणते अक्षर सारखे आहे? 'बसतो–बसला', 'उठतो–उठला', 'चालतो–चालला' या चालीने खरे तर 'जातो–जाला' असे काहीतरी व्हायला हवे होते. आपल्याकडेही झाले ते इंग्रजीसारखेच. 'जाणे' हे संस्कृतातील 'या' धातूवरून, 'याति' आणि प्राकृत 'जाइ' या मार्गाने आले आहे. 'गेला' हे मात्र 'गम्' धातूच्या 'गत' या रूपावरून आले आहे. दोन धातूंचा एक संसार झाला, आणि तो इतका जुना आहे की त्यातली जोडणी आपल्याला दिसतसुद्धा नाही. 'येणे' आणि 'आला' यांचे असेच आहे. 'होणे' आणि 'झाला' यांचेही तसेच. 'होणे' हे 'भू' धातूचे आणि 'झाला', जुन्या मराठीतले 'जाला', हे 'जन्' धातूच्या 'जात' (म्हणजे जन्मलेला) या रूपाचे वंशज. हिंदीत 'जाना' आणि 'गया' यांची जोडी आहेच. कोकणीत तर 'वचप' या क्रियापदाचा भूतकाळ 'गेलो' असा होतो, म्हणजे वर्तमानकाळाचा धातू तिसराच असूनही भूतकाळासाठी तिने आपलाच 'गम्' घेतला आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा, कारण तो शिक्षकांकडूनही ऐकू येतो. इंग्रजी 'गो' आणि संस्कृत 'गम्' यांचा आरंभ सारखा दिसतो म्हणून ते एकच, असे सांगितले जाते. ते खरे नाही. 'गम्'चे इंग्रजीतले सख्खे भावंड 'गो' नसून 'कम' आहे. प्राचीन मूळ भाषेतील ज्या ध्वनीचा संस्कृतात 'ग' झाला त्याच ध्वनीचा इंग्रजीच्या कुळात 'क' झाला, आणि हा बदल एका शब्दापुरता नसून नियमाने झालेला आहे. संस्कृत 'गो' म्हणजे गाय आणि इंग्रजी 'काउ' ही जोडी त्याच बदलातून निघाली आहे. म्हणजे आपला 'गेला' आणि इंग्रजांचा 'केम' हे एकाच मुळाचे, पण एक जातो आणि दुसरा येतो. सहावीतल्या मुलीला हे सांगण्यात मोठी गंमत आहे, आणि ती विसरणार नाही.

आता ही अनियमित रूपे टिकली तरी कशी? कारण अगदी साधे आहे. जो शब्द दिवसातून शेकडो वेळा तोंडात येतो त्याचे रूप मूल नियम शिकण्याच्या आधीच ऐकून शिकते, आणि नियम कळल्यावर जरी काही दिवस ते 'गोड' म्हणजे 'गो'ला 'एड' लावून म्हणू लागले, किंवा आपल्याकडचे मूल 'मी करलं' म्हणू लागले, तरी भोवतालची माणसे 'वेंट' आणि 'केलं' इतक्या वेळा म्हणतात की ते आपोआप सुधारते. त्याहून कमी वापरल्या जाणाऱ्या शब्दाला हे संरक्षण तितके मिळत नाही. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. तो गेला आणि 'हेल्प्ड' आले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांपैकी आजच्या इंग्रजीत ९८ अनियमित राहिली आहेत. शब्दाचा वापर शंभरपट कमी असेल तर तो दहापट वेगाने नियमित होतो, असे त्यांचे गणित सांगते. त्या हिशेबाने 'वेंट'ला मरण नाही. मुलीला ते पाठ करावे लागेल हे खरे, पण का पाठ करावे लागते ते कळून पाठ करणे वेगळे.

प्रश्न : मी ठाण्यात एका खासगी कार्यालयात काम करते. साहेब जागेवर नसले की फोनवर 'ही हॅज गॉन टु पुणे' म्हणावे, 'ही वेंट टु पुणे' म्हणावे की 'ही हॅज बीन टु पुणे' म्हणावे, याचा मला नेहमी गोंधळ होतो. शिवाय 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे' असे मी लिहिले तेव्हा आमच्या परदेशी शाखेतील एका सहकाऱ्याने 'आणि मग काय झाले?' असे उलट विचारले. त्यात काय चुकले ते मला अजून कळलेले नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, पण त्याच्याकडे पहिल्या भागावरून जाऊ.

'गॉन' आणि 'बीन' यांतला भेद मराठी माणसाला अवघड वाटण्याचे कारण नाही, कारण तो भेद मराठीत रोज केला जातो. आपण 'गेला आहे' म्हणतो आणि 'जाऊन आला आहे' म्हणतो. साहेब पुण्याला निघाले आहेत, वाटेत आहेत किंवा तेथे पोहोचले आहेत, पण परत आलेले नाहीत, तर 'गेले आहेत', म्हणजे 'हॅज गॉन टु पुणे'. साहेब पुण्याला जाऊन परतले आहेत आणि आता आपल्या खुर्चीवर बसले आहेत, तर 'जाऊन आले आहेत', म्हणजे 'हॅज बीन टु पुणे'. फोनवर विचारणाऱ्याला साहेब जागेवर नाहीत हे सांगायचे असल्यामुळे आपले पहिले वाक्य बरोबर. 'हॅज बीन' म्हटलेत तर ऐकणारा म्हणेल, मग द्या त्यांना फोन.

ब्रिटिश इंग्रजीत 'बीन' हे उलट दिशेच्या फेरीसाठीही चालते. 'द पोस्टमन हॅज बीन' याचा अर्थ पोस्टमन येऊन गेला. 'जाऊन आला' आणि 'येऊन गेला' या दोन्हींसाठी एकच शब्द, कारण दोन्हींत फेरी पूर्ण झालेली आहे. 'बीन टु' आणि 'बीन इन' यांची मात्र गल्लत करू नये. 'शी हॅज बीन टु दुबई' म्हणजे ती दुबईला जाऊन आली आहे. 'शी हॅज बीन इन दुबई फॉर सिक्स इयर्स' म्हणजे ती सहा वर्षांपासून दुबईत आहे, आणि अजूनही तेथेच आहे.

मराठी आपल्याला फसवते ती जागा पुढे आहे. 'मी महाबळेश्वरला दोनदा गेलो आहे' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, आणि बोलणारा माणूस तर आपल्यासमोर बसलेला असतो. येथे आपले 'गेलो आहे' हे 'जाऊन आलो आहे' याचे काम करते. त्याचे शब्दशः 'आय हॅव गॉन टु महाबळेश्वर ट्वाइस' केले जाते. अमेरिकेत असे वाक्य कधी कधी ऐकू येते, पण नेटके इंग्रजी 'आय हॅव बीन टु महाबळेश्वर ट्वाइस' असेच होईल. स्वतःविषयी बोलताना 'आय हॅव गॉन' वापरण्याचा प्रसंग फार क्वचित येतो, आणि त्याचे कारण उघड आहे: जो अजून परतलेला नाही तो येथे बोलायला कसा असेल? दारावर चिठ्ठी अडकवून जाणारा माणूस तसे लिहू शकतो, आणि दुकानाच्या दारावर 'गॉन टु लंच' अशी पाटी असते ती त्याच न्यायाने.

'वेंट' केव्हा वापरावे याची कसोटी वेगळी आहे. वाक्यात संपून गेलेल्या वेळेचा उल्लेख असेल, म्हणजे काल, परवा, सोमवारी, २०१९ साली, दोन तासांपूर्वी असे काही असेल, किंवा ती वेळ दोघांच्या मनात ठरलेली असेल, तर 'वेंट'च यायला हवे. 'ही हॅज गॉन टु पुणे यस्टरडे' हे चूक. 'ही वेंट टु पुणे यस्टरडे' हे बरोबर. काळाचा उल्लेख नाही आणि सांगायचे आहे ते आजच्या स्थितीविषयी, तर 'हॅज गॉन'. मराठीत आपण 'ते काल गेले आहेत' असे बोलून जातो, 'त्यांचे बाबा काल गावाला गेलेत' हे कानालाही खटकत नाही, म्हणून ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांच्या लेखनातही सापडते.

आता 'हॅड गॉन'. 'मी काल पुण्याला गेलो होतो' या वाक्यात 'होतो' का येते याचा विचार आपण सहसा करत नाही. मराठीत 'काल मी पुण्याला गेलो' म्हटले की ऐकणारा पुढच्या हकिकतीची वाट पाहतो. गेलो, तिथे हा भेटला, मग असे झाले. 'गेलो होतो' म्हटले की जाणे-येणे संपले, गोष्ट मिटली, मी आता परत येथे आहे, एवढेच कळते. 'काल कुठे होतास?' याला 'पुण्याला गेलो होतो' हेच नैसर्गिक उत्तर आहे. इंग्रजीत याच्या अगदी उलट घडते. तेथे 'हॅड गॉन' हे एकट्याने उभे राहत नाही. भूतकाळातली दुसरी एखादी घटना समोर असेल आणि तिच्याही आधी जाणे घडले असेल तेव्हाच ते येते. 'व्हेन द व्हिजिटर केम, आय हॅड गॉन टु पुणे', पाहुणा आला तेव्हा मी पुण्याला गेले होते, म्हणजे भेट झाली नाही, असे. आपण नुसते 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे' लिहून थांबलात, त्यामुळे वाचणाऱ्याला दुसरी घटना यायची आहे असे वाटले. तो खोचकपणे बोलला नसावा. त्याला खरोखरच पुढचे वाक्य हवे होते. 'आय वेंट टु पुणे यस्टरडे' असे लिहिले असते तर प्रश्न उद्भवला नसता.

मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत हा 'हॅड' इतका पसरला आहे की भारतीय कार्यालयांत तो कोणाला टोचत नाही, आणि आपसातल्या पत्रव्यवहारात त्यावरून अडून बसावे असे आमचे मत नाही. मात्र बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'होतो', 'होते' दिसताक्षणी 'हॅड' लिहिण्याची सवय मोडायला हवी. मराठी वाक्यातील 'होतो' काढून अर्थ राहतो का ते पाहावे; राहत असेल तर इंग्रजीत साधा भूतकाळ पुरतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिकेत 'माय वॉलेट इज गॉन' हे वाक्य बरोबर म्हणून दिले होते. 'गॉन'च्या आधी 'हॅज' यायला हवे ना? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : वाक्य बरोबर आहे. 'हॅज गॉन' ही क्रिया आहे आणि 'इज गॉन' ही अवस्था आहे. पाकीट जागेवर नाही, नाहीसे झाले, एवढेच त्या वाक्यात सांगायचे आहे. ते कोठे गेले याच्याशी कर्तव्य नाही. म्हणून 'इज गॉन'च्या पुढे सहसा ठिकाण येत नाही. 'ही इज गॉन टु नागपूर' असे न लिहिता 'ही हॅज गॉन टु नागपूर' असे लिहावे, हा नियम परीक्षेपुरता पुरेसा आहे.

जिज्ञासा असेल तर आणखी थोडे. जुन्या इंग्रजीत येणे, जाणे, उठणे, पडणे अशा क्रियापदांना 'हॅव' नव्हे, 'बी' हेच साहाय्यक लागत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या पुनरुत्थानाच्या प्रसंगी 'ही इज रिझन' असेच शब्द आहेत. आजच्या भाषेत तेथे 'हॅज रिझन' होईल. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी ती पद्धत अजून राखली आहे, आणि आपले 'गेला आहे' तर उघडच 'असणे'वर बेतलेले आहे. इंग्रजीने ती सोडली, पण 'इज गॉन' हा एक तुकडा मागे राहिला.

प्रश्न : 'आय एम गोइंग टु होम' हे चूक का? 'टु स्कूल' चालते, 'टु मार्केट' चालते, मग घरानेच काय केले? — एक शिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : घराने मराठीतही वेगळे वागवून घेतले आहे. आपण 'पुण्याला जातो', 'शाळेत जातो', 'बाजारात जातो' म्हणतो, पण 'घराला जातो' म्हणत नाही, 'घरी जातो' म्हणतो. 'घरी' हे रूप स्वतःच जागा दाखवते, त्याला आणखी प्रत्यय लागत नाही. इंग्रजी 'होम' या ठिकाणी 'घर' नसून 'घरी' आहे, म्हणजे नाम नसून क्रियाविशेषण आहे. 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड', 'अपस्टेअर्स' हे शब्द त्याच पंक्तीतले. म्हणून 'गो होम', 'गो देअर', 'गो अब्रॉड'. घर कोणाचे ते सांगितले की मात्र 'होम' पुन्हा नाम होते आणि 'टु' परत येते: 'ही वेंट टु हिज सिस्टर्स होम'.

'गो फॉर शॉपिंग', 'गो फॉर स्विमिंग' यांतला 'फॉर' आपल्या 'खरेदीसाठी', 'पोहण्यासाठी' मधून आलेला आहे. 'गो शॉपिंग', 'गो स्विमिंग' एवढेच पुरते. 'फॉर' येतो तो 'अ वॉक', 'अ ड्राइव्ह', 'अ स्विम' अशा नामापूर्वी.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या शेजाऱ्यांकडून निघताना मी आपल्या पद्धतीने 'आय एम कमिंग' म्हणाले, तर त्या बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. 'जाते' म्हणणे मला बरे वाटत नाही. काय म्हणावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोणाच्या घरून निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणण्याची आपली रीत शुभाशुभाच्या कल्पनेतून आली आहे आणि त्यात पुन्हा भेटण्याचे आश्वासनही आहे. 'जाणे' या शब्दावर मराठीत मृत्यूची छाया आहे. 'आजोबा गेले' एवढे पुरते, कोठे गेले ते कोणी विचारत नाही. इंग्रजीत 'गो'वर तशी छाया निरोपाच्या वेळी नसते, त्यामुळे 'आय शुड बी गोइंग नाऊ' किंवा 'आय हॅड बेटर गेट गोइंग' असे निःशंकपणे म्हणावे. पुन्हा भेटण्याचा भाव आणायचा असेल तर पुढे 'सी यू सून' जोडावे. 'आय एम कमिंग' ऐकून शेजारीणबाईंना वाटले असणार की आपण त्यांच्यासोबत कोठेतरी निघाला आहात.

दोन ठिकाणी मात्र आपला 'येणे' आणि त्यांचे 'कम' यांचे जुळते. फोनवर 'उद्या तुमच्याकडे येते' म्हणताना आपण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहतो, तसेच इंग्रजीही पाहते: 'आय विल कम टु युअर प्लेस टुमॉरो', येथे 'गो' चुकेल. दुसरे, आतल्या खोलीतून हाक आली की आपण 'आले!' म्हणतो. अजून पाऊलही उचललेले नसते, पण रूप भूतकाळाचे. त्याचे इंग्रजी 'कमिंग!' होईल. 'आय केम' म्हणू नये.

प्रश्न : दूध नासले, केस पिकले, वीज गेली, नोकरी गेली, या सगळ्यांना 'गो' चालते का? — एक वाचक, अकोला

उत्तर : पहिल्या दोघांना चालते. 'द मिल्क हॅज गॉन सावर', 'हिज हेअर हॅज गॉन ग्रे'. बहुधा बिघाडाकडे किंवा उणेपणाकडे जाणारा बदल असेल तर 'गो' येते: 'गो बॅड', 'गो ब्लाइंड', 'गो डेफ', 'गो बॉल्ड', 'गो मिसिंग'. सुधारणेसाठी ते सहसा येत नाही. प्रकृती सुधारली तर 'गेट वेल', 'गेट बेटर'. आणि म्हातारे होणे, आजारी पडणे, थकणे यांना बिघाड असूनही 'गो' लागत नाही, तेथे 'ग्रो ओल्ड', 'फॉल इल', 'गेट टायर्ड' असे म्हणावे लागते. याला कारण शोधत बसू नये.

वीज गेली याला 'द पॉवर हॅज गॉन' किंवा 'द पॉवर हॅज गॉन आउट' दोन्ही चालेल. नोकरी गेली याला मात्र 'ही लॉस्ट हिज जॉब'. मराठीत ज्याचे गेले तो माणूस 'त्याची' म्हणून बाजूला उभा राहतो आणि जाणारी वस्तू कर्ता होते. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि तो गमावतो. 'माझे दोन तास गेले', 'त्याचा तोल गेला', 'तिचे भान हरपले' या सर्वांना 'लॉस्ट' लागेल. 'विसरून गेलो', 'घाबरून गेला' यांतला 'गेला' तर नुसता जोर देण्यासाठी आहे, इंग्रजीत तो गाळावा. 'आय फरगॉट' पुरे. मराठीत न येणारा एक चांगला प्रयोग इंग्रजीत आहे, तो लक्षात ठेवावा: 'माय लेटर वेंट अनआन्सर्ड', माझ्या पत्राला उत्तर आले नाही, 'द मिस्टेक वेंट अननोटिस्ड', चूक कोणाच्या नजरेस आली नाही.

प्रश्न : 'आय एम गोइंग टु गो टु मडगाव' या वाक्यात 'गो' दोनदा आले आहे. ते खोडून 'आय एम गोइंग टु मडगाव' करावे का? आणि 'गॉना' हा शब्द कितपत शिष्टसंमत आहे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यातला 'गोइंग टु' जाण्याचा नाहीच. तो पुढच्या क्रियापदाला 'णार' लावण्याचे काम करतो, 'जाणार आहे' मधला 'णार' करतो तसेच. तो 'रेन'ला लागतो, 'स्लीप'ला लागतो, मग 'गो'ला का लागू नये? कानाला दोनदा 'गो' येणे नको असेल तर 'आय एम गोइंग टु मडगाव टुमॉरो' असे म्हणून भागते, कारण ठरलेल्या प्रवासासाठी तेही भविष्यकाळाचेच वाक्य आहे.

या दोन 'गोइंग टु'मधला भेद पाहायचा असेल तर 'गॉना' लावून पाहावे. बोलताना 'गोइंग टु'चा 'गॉना' होतो तो फक्त 'णार'वाल्याचा. 'आय एम गॉना गो टु मडगाव' असे इंग्रज माणूस बोलेल. 'आय एम गॉना मडगाव' असे तो कधीही बोलणार नाही. प्रवासाच्या 'गोइंग टु'ला ही सवलत नाही. बोलण्यात 'गॉना' सर्वत्र चालते, सुशिक्षितांच्याही तोंडी असते, आणि त्याला गावंढळ समजण्याचे कारण नाही. मित्राला पाठवलेल्या संदेशातही ते शोभते. उत्तरपत्रिकेत, अर्जात आणि कार्यालयीन पत्रात मात्र 'गोइंग टु' पूर्ण लिहावे, किंवा 'विल' वापरावे.